यंत्र आपलं, किल्ली त्यांची

20 ऑक्टोबर 2025 रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या सर्व्हर-केंद्रांमध्ये बिघाड झाला आणि अमेरिकेत कितीतरी लोकांची झोपमोड झाली. एट स्लीप नावाच्या कंपनीची गादी गरम-थंड करणारी यंत्रणा दोन हजार डॉलरहून महाग आहे आणि ती आज्ञा घेते इंटरनेटवरून. आज्ञा येईनाशी झाल्यावर कुणाची गादी तापतच राहिली, तर कुणाचा पलंग डोक्याकडून उचललेल्या अवस्थेत अडकून बसला. ही बातमी इथे सॅन फ्रान्सिस्कोत दिवसभर हशा पिकवत फिरली. हे शहर अशी यंत्रं जन्माला घालतं आणि त्यांच्यावर सगळ्यांत मोठ्याने हसतंही. घाईघाईने जेवलात तर हातात थरथरणारा काटा 2013 साली लास वेगासच्या प्रदर्शनात आला. केस तुटल्याचा आवाज मायक्रोफोनने ऐकणारा ब्रश 2017 साली आला. शौचालयाच्या भांड्यात कॅमेरा बसवून पोटाच्या तब्येतीचा हिशेब ठेवणारं 599 डॉलरचं उपकरण 2025 मध्ये आलं, आणि त्याला वर मासिक वर्गणीही आहे. या सगळ्यावर हसू येतं आणि ते यावंच. पण माझं म्हणणं असं आहे की आपण चुकीच्या जागी हसतो. वस्तू विचित्र असणं हा काही गुन्हा नाही. गंभीर बाब वेगळीच आहे. वस्तू विकल्यावरही ती चालू ठेवायची की बंद करायची हे विकणाऱ्याच्याच हातात राहतं, आणि विनोदी बातमीच्या गडबडीत ही गोष्ट नजरेतून सुटते.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे याच शहरातली जुसेरो कंपनी. तिचं फळांचा रस काढायचं यंत्र 2016 मध्ये 699 डॉलरला बाजारात आलं. त्यामागे सुमारे 12 कोटी डॉलरची गुंतवणूक होती आणि गुंतवणूकदारांत गूगलची गुंतवणूक शाखाही होती. यंत्राच्या दाबाने दोन टेस्ला गाड्या उचलता येतील, असं संस्थापक सांगत असत. चिरलेल्या फळं-भाज्यांची पाकिटं कंपनीकडूनच घ्यायची, यंत्र त्यांच्यावरचा कोड वाचणार आणि मगच पिळणार. एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी तेच पाकीट नुसत्या हाताने पिळून दाखवलं आणि जवळजवळ तेवढाच रस निघाला. जग हसलं, सप्टेंबरात कंपनी बंद झाली, आणि 'सिलिकॉन व्हॅलीचा मूर्खपणा' या सदराखाली ही गोष्ट कायमची जमा झाली. पण त्या गदारोळात कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखाने यंत्राच्या बचावासाठी एक मुद्दा मांडला होता. उद्या पालकात काही दोष निघाला आणि माल परत बोलावायची वेळ आली, तर ती पाकिटं आम्ही दुरूनच निकामी करू शकतो, असं तो म्हणाला होता. सुरक्षेच्या दृष्टीने हे गैर नाही, पण त्याचा दुसरा अर्थही आहे. माझ्या ओट्यावरच्या, माझ्या पैशाने आणलेल्या यंत्राने माझ्या भाजीचा रस काढायचा की नाही, याचा शेवटचा निर्णय दुसऱ्याच कुणाचा. हातांनी पिळलेलं पाकीट सगळ्यांना आठवतं. या मुद्द्याकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही, आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत खरा ठरला तो हाच.

खरं तर तो आधीच खरा ठरू लागला होता. घरातले दिवे, कुलपं, अलार्म एका जागेवरून चालवणारी रिव्हॉल्व्ह नावाची सुमारे 300 डॉलरची डबी 'आजीवन सेवे'च्या आश्वासनावर विकली गेली होती. गूगलच्या नेस्टने 2014 मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये तिचे सर्व्हर बंद केले. डबीत काहीही बिघडलेलं नव्हतं, तरी ती निर्जीव झाली. बोभाटा झाल्यावर परताव्याची तयारी दाखवली गेली, पण बोभाटा होईपर्यंत ती नव्हती. याच शहरातल्या ह्यूमेन कंपनीची कथा आणखी थेट आहे. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या दोघांनी ती काढली. सदऱ्यावर लावायची, बोलून चालवायची एक पिन 2024 च्या एप्रिलमध्ये 699 डॉलरला लोकांच्या हाती पडू लागली, शिवाय महिन्याला 24 डॉलर. फेब्रुवारी 2025 मध्ये एचपीने कंपनीची बहुतेक मालमत्ता 11 कोटी 60 लाख डॉलरना घेतली, आणि दहाच दिवसांत, 28 तारखेच्या दुपारी बारा वाजता, सगळ्या पिना बंद. परतावा फक्त शेवटच्या 90 दिवसांत माल मिळालेल्यांना. बॅटरी किती उरली आहे हे पाहण्यासारखी कामं यापुढेही चालतील, असं कंपनीने ग्राहकांना कळवलं. पिन आली तेव्हा तिच्यावर भरपूर विनोद झाले, कारण ती तापायची, चुकीची उत्तरं द्यायची. ती वाईट होती यात वाद नाही. पण वाईट वस्तूसुद्धा ज्याने पैसे मोजले त्याची असते. ती ठेवायची की फेकायची, हे त्याने ठरवायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही सगळी श्रीमंतांची खेळणी, घेणाऱ्याने आपल्या हौसेने घेतली, त्यांच्यासाठी कशाला एवढा जीव टाकायचा? हा आक्षेप मला पटत नाही. पॅसाडिनातल्या एका कंपनीने मॉक्सी नावाचा छोटा यंत्रमानव केला होता, किंमत 799 डॉलर. लहान मुलांशी गप्पा मारायच्या, भावना ओळखायला शिकवायचं हे त्याचं काम, आणि स्वमग्न मुलांच्या पालकांनीही तो मोठ्या आशेने घेतला होता. डिसेंबर 2024 मध्ये पैसे संपले म्हणून कंपनी बंद पडत असल्याचं जाहीर झालं आणि मुलांना हे कसं समजावून सांगावं याचा मजकूर पालकांच्या हाती आला. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'तुझा मित्र आता बोलणार नाही' हे सांगायची पाळी ही हौसेची किंमत म्हणता येत नाही. दुसरं उदाहरण आणखी जड आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीने आर्गस नावाची कृत्रिम दृष्टियंत्रणा बनवली. पडद्याच्या आजाराने दृष्टी गेलेल्या माणसाच्या डोळ्यात इलेक्ट्रोडची चकती बसवायची आणि चष्म्यातल्या कॅमेऱ्याकडून तिला संकेत द्यायचे. 2013 मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली आणि जगभरात 350 हून अधिक लोकांनी शस्त्रक्रिया करून ती बसवून घेतली. पुढे कंपनीने हे काम सोडलं, 2020 मध्ये ती बुडण्याच्या बेतात आली, आणि ज्यांच्या डोळ्यात ती यंत्रणा होती त्यांना सुटा भाग कुठून आणायचा, दुरुस्ती कुणाकडून करून घ्यायची, हे सांगणारं कुणी उरलं नाही. इथे इंटरनेटची तार नाही, पण परावलंबन तेच आहे. काटा, ब्रश, पिन यांवर हसत हसत जी रीत आपण मान्य केली, तीच डोळ्याच्या आत जाऊन बसली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो इथले अभियंते, त्यांत आपली मराठी मंडळीही आली, प्रामाणिकपणे मांडतात. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, सुरक्षेच्या भगदाडांना सतत ठिगळं लावावी लागतात. दहा वर्षांपूर्वी एकदाच घेतलेल्या पैशात हे अनंतकाळ कसं चालणार? शिवाय या गावाचं बळच अपयश पचवण्यात आहे. कंपनी बुडवण्याची भीती घातली तर नवं काही कुणी करणारच नाही. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. अनंतकाळ कुणी मागतही नाही. मागणी दोनच गोष्टींची आहे: विकतानाच मुदत सांगा, आणि जाताना किल्ली ग्राहकाच्या हाती द्या. हे शक्य आहे याचा पुरावा याच खाडीच्या काठावर आहे. पेबल हे मनगटी घड्याळ 2012 मध्ये लोकवर्गणीतून उभं राहिलं, एक कोटी डॉलरहून अधिक जमले. 2016 च्या अखेरीस कंपनी फिटबिटकडे गेली आणि 2018 च्या जूनमध्ये सर्व्हर बंद झाले. पण रेबल नावाने जमलेल्या स्वयंसेवकांनी पर्यायी सेवा उभारून ती घड्याळं चालती ठेवली, आणि जानेवारी 2025 मध्ये, फिटबिट ज्यांच्या मालकीची झाली त्या गूगलने घड्याळाच्या प्रणालीचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. मॉक्सीच्याही बाबतीत पुढे तो घरच्या संगणकावरून चालवण्याची सोय मोकळी करण्यात आली. आणि त्या तापलेल्या गाद्यांचं काय झालं? कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि काही दिवसांतच, इंटरनेट नसताना जवळच्या फोनवरून ब्लूटूथने गादी चालवायची सोय आली. ती आधी नव्हती याला तंत्रज्ञानाची अडचण हे कारण नव्हतं. तिची गरज कुणाला वाटली नव्हती. नेस्टच्या 2011 आणि 2012 च्या थर्मोस्टॅटचंही तसंच: 2025 च्या ऑक्टोबरात त्यांचा अ‍ॅपशी संबंध तुटला, पण भिंतीवरची चकती हाताने फिरवली की घर अजूनही गरम होतं. माझ्या मते किमान मर्यादा हीच असायला हवी. अपयशाच्या संस्कृतीबद्दल एवढंच म्हणेन की कंपनी बुडाली तर संस्थापक पुढची काढतो, गुंतवणूकदाराने ती जोखीम जाणूनबुजून घेतलेली असते. ज्या ग्राहकाला जोखीम कुणी सांगितलीच नाही, त्याच्या पैशावर धाडस करणं हे काही धाडस नव्हे.

आणि ती खरोखरच सांगितली जात नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये इंटरनेटला जोडलेली 184 उत्पादनं तपासली. त्यांतल्या 163 उत्पादनांच्या संकेतस्थळावर, सॉफ्टवेअरची सोबत किती काळ मिळेल याचा उल्लेखच नव्हता. दुधाच्या डब्यावर तारीख असते, हजार डॉलरच्या यंत्रावर नसते. ब्रिटनने एप्रिल 2024 पासून सुरक्षा-अद्ययावतीची किमान मुदत जाहीर करणं बंधनकारक केलं. जग बुडालं नाही. कॅलिफोर्नियाचा दुरुस्ती हक्काचा कायदा त्याच वर्षी जुलैत लागू झाला. 100 डॉलर किंवा त्याहून महाग उपकरणांसाठी सात वर्षं सुटे भाग, हत्यारं आणि माहिती द्यावीच लागते. चांगलाच कायदा आहे. पण स्क्रू, पडदा आणि बॅटरी सात वर्षं मिळून उपयोग काय, जर तिसऱ्या वर्षी सर्व्हरच गेला? या कायद्याच्या पुढच्या दुरुस्तीत हे भोक बुजायला हवं, आणि इथे मत देणाऱ्या मराठी माणसांनी आपापल्या आमदारांना पत्र लिहावं इतकं हे महत्त्वाचं आहे.

इथल्या घरांतून दर वर्षी सुट्टीत भारतात जाणाऱ्या बॅगांमध्ये आईवडलांसाठी घेतलेली अशी उपकरणं असतात: दारावरची बेल, हातातलं घड्याळ, बोलका स्पीकर. ती घेणाऱ्या मुलांचा हेतू प्रेमाचा असतो. पण पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिक्सरची मोटर पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर कितीही हुशार असला, तरी कॅलिफोर्नियात बंद झालेला सर्व्हर तो चालू करू शकत नाही. म्हणून घेतानाच विचारावं की इंटरनेट नसताना हे किती काम करतं, आणि उत्तर 'काहीच नाही' असेल तर दुसरं घ्यावं. भारत सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि मे 2025 मध्ये एका समितीने दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडा सादर केला. सुरुवात फोन आणि टॅब्लेटपासून. त्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अद्ययावतीचा समावेश आहे. त्याच रकान्याखाली आणखी एक ओळ वाढवावी: कंपनी सेवा थांबवेल त्या दिवसानंतर हे उपकरण कोणकोणती कामं करत राहील, आणि त्याची चावी ग्राहकाला कशी मिळेल.