हातघाईचं घराणं

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. प्रतापगडाकडे निघालेल्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात. हातघाईची विद्या शिकणाऱ्याने मात्र थांबावं. १० नोव्हेंबर १६५९च्या शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीचं या समकालीन कवीने ‘शिवभारता’त केलेलं वर्णन तालमीत वाढलेल्या माणसाला चटकन कळतं. खानाने डाव्या हाताने मान आवळली आणि उजव्या हाताने कुशीत कट्यार चालवली. बाहुयुद्धात तरबेज असलेल्या महाराजांनी आधी मान सोडवली, अंग चोरलं आणि मगच वार केला. सगळी मेख या क्रमात आहे. पकड सुटल्याशिवाय शस्त्राला जागाच मिळत नाही, हे कुस्तीची माती अंगाला लागलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

परमानंदांच्या वर्णनात वाघनखं नाहीत; सभासदाच्या बखरीत ती आहेत, सोबत बिचवाही आहे. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा ‘हीच का ती?’ यावर भरपूर वाद झाला. मान कशी सोडवली, याची चर्चा फारशी झाली नाही.

सभासदाच्या बखरीत पुढे खानाचा माणूस सय्यद बंडा दांडपट्टा घेऊन धावून येतो. महाराज सोबतच्या जिवा महालाकडून आपला पट्टा घेतात, पट्टा आणि बिचवा यांची कातर करून त्याचे वार अडवतात आणि जिवा महाला बंडाचा पट्ट्याचा हात शस्त्रासकट तोडतो. म्हणजे २०२४ साली महाराष्ट्राने ज्या दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो भेटीच्या त्या शामियान्यात दोन्ही बाजूंना होता. त्या काळच्या कितीतरी पट्ट्यांची आणि तलवारींची पाती तर युरोपातून येत. म्हणूनच ‘फिरंग’ हे तलवारीचं नाव झालं. पातं परदेशी, मूठ इथली, चालवण्याची रीत दख्खनची. आपली विद्या अस्सल आणि भेसळ नसलेली आहे, असं छातीठोक सांगणाऱ्या वस्तादांना हे रुचत नाही. पण लढणाऱ्या माणसाने सोवळं पाळलेलं इतिहासात दिसत नाही.

शांघायच्या पोलिसांत १९०७ साली दाखल झालेल्या विल्यम फेअरबर्नचंही तेच. गल्लीबोळांतल्या टोळ्यांचा मार खाल्ल्यावर तो जुजुत्सू शिकला, चिनी डाव पाहिले, रस्त्यावर जे चाललं तेवढंच ठेवलं आणि त्याला ‘डिफेंडू’ हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडो त्याच्याच हाताखाली तयार झाले. ब्रातिस्लाव्हात ज्यूंवर चालून येणाऱ्या टोळ्यांशी भिडलेला इमी लिख्टेनफेल्ड मुळात कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धा. त्याच्या त्या अनुभवातून पुढे इस्रायली सैन्याची क्राव्ह मागा ही हातघाईची पद्धत घडली.

आपल्याकडे मात्र मधेच खंड पडला. १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर सामान्य माणसाच्या हातातलं हत्यार गेलं. पट्टा, फरी-गदगा, बनेटी मिरवणुकीच्या आणि जत्रेच्या आश्रयाला गेल्या. लोकांना दिसावं म्हणून पवित्रे मोठे झाले, गिरक्या वाढल्या. पट्ट्याने लिंबू कापणं देखणं आणि अवघडही आहे, पण लिंबू उलटा वार करत नाही. तरी या मर्दानी खेळाला नुसती नाचगाणी म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा पट्टा हातात घालावा. त्यात मनगट जखडलेलं असतं, त्यामुळे वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून काढावा लागतो. पाय चुकले की पातं आपल्याच अंगावर येतं.

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक आहे. १६७०मध्ये कोंढाण्यावर त्यांची ढाल तुटली. दुसरी हाताशी नव्हती, तेव्हा डाव्या हाताचीच त्यांनी ढाल केली, असं सभासद सांगतो. साधन संपलं की शरीर पुढे करायचं, हा प्रसंग कोणत्याही सैन्याला चुकलेला नाही. १५ जून २०२०च्या रात्री गलवानमध्ये गोळी न झाडता झालेल्या झटापटीत २० भारतीय जवान गेले. समोरच्या चिनी सैनिकांच्या हातात दगड आणि खिळे ठोकलेले दांडके होते. आता भारतीय सैन्यात ‘अमर’ नावाचा मार्शल आर्टचा अभ्यासक्रम आहे.

महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडेच्या तर नावातच फौज आहे. या भागातली पोरं अजून भरतीसाठी पहाटे धावतात, बीम मारतात. भरतीच्या मैदानात १६०० मीटरची वेळ मोजली जाते. गळ्याला पडलेली मिठी सोडवणं मात्र त्यांना पुढे प्रशिक्षण केंद्रात गेल्यावरच शिकायला मिळतं.