ताराबाईची गस्त

१९९९ च्या नोव्हेंबरांतली गोष्ट. सकाळचा चहा चालला होता आणि वर्तमानपत्र नेहमीप्रमाणें आमच्या थोरल्या काकूंच्या हातीं होतें. एकाएकीं त्या म्हणाल्या, "अरे, ताराबाईनें चांचे गांठले रे!"

तीनशें वर्षांपूर्वींची महाराणी आज समुद्रावर कशी, असा धाकट्या पुतणीला प्रश्न पडला. ताराबाई हें तटरक्षक दलाच्या गस्तनौकेचें नांव आहे असें मीं सांगतांच तिचा हिरमोड झाला. काकूंचा मात्र झाला नाहीं.

हें दल १९७८ च्या कायद्यानें रीतसर स्थापन झालें. ताराबाई १९८७ सालीं सेवेंत आली. लांबी जेमतेम ४५ मीटर. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई या तिच्या बहिणी. चोरटा माल अडवावा, वादळांत सांपडलेल्या कोळ्यांस सोडवावें, हें अशा नौकांचें नित्यकर्म. त्याची बातमी क्वचितच होते.

त्या खेपेस झाली. 'अलोंड्रा रेनबो' हें जपानी मालकीचें जहाज ऑक्टोबरांत सुमारें ७००० टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानकडे निघालें होतें. चांच्यांनीं तें बळकाविलें आणि १७ खलाशांना तराफ्यावर सोडून दिलें. सुमारें दहा दिवसांनीं थाई कोळ्यांनीं त्यांचे प्राण वाचविले. इकडे जहाजावरचें नांव पुसून 'मेगा रामा' असें नवें नांव रंगविण्यांत आलें. १४ नोव्हेंबरला अरबी समुद्रांत ताराबाईनें त्यास हटकलें. इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या तरी तें थांबेना. पण नौकेनें पाठ सोडली नाहीं. मग नौदलाची 'प्रहार' धांवून आली. चांच्यांनीं जहाज बुडविण्याचाही यत्न केला, पण १६ तारखेस तें हातीं लागलें व मुंबईस आणलें गेलें.

२००३ सालीं मुंबईच्या न्यायालयानें आरोपींना शिक्षा दिली. २००५ सालीं उच्च न्यायालयानें त्यांना मुक्त केलें. चांचेगिरीसाठीं स्वतंत्र कायदाच तेव्हां आपल्याकडे नव्हता. तो संसदेनें केला २०२२ सालीं.

मुक्ततेची बातमी आली तेव्हां माझा पुतण्या चिडून म्हणाला, "मग एवढी धडपड फुकटच गेली कीं!"

काकू वाती वळीत होत्या. "फुकट कशी? जहाज धन्याला मिळालें ना? रात्रीं कडी लावून निजतें, ती चोर तुरुंगांत जावा म्हणून नव्हे रे. उजाडल्यावर घर जागच्या जागीं असावें म्हणून."

राजाराममहाराज १७०० सालीं निवर्तले तेव्हां पदरीं लहान मूल आणि दारांत औरंगजेबाची फौज, अशा स्थितींत ताराबाईनें सात वर्षें राज्य राखलें. राखणें या कामाला विजयोत्सव नसतो. घरोघरीं तें कुणीतरी रोज करीत असतें आणि आपण त्याकडे पाहतही नाहीं. त्या दिवसापासून रात्रीं कडीचा आवाज आला म्हणजे, काकू अजून जाग्या आहेत, हें माझ्या ध्यानांत येऊं लागलें.