जळगाव की धुळे?



२०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता मुलीला घेऊन एका दिवसात दोन गावे पाहून आलो. नीटचा निकाल लागला होता. दुसऱ्या खेपेला मुलीला चांगले गुण पडले होते आणि खान्देशातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागेल अशी आशा होती. आता पसंतीक्रम भरायचा होता. पहिल्या ओळीत जळगाव लिहायचे की धुळे, यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आम्ही राहतो भुसावळला. एकाचे काम रेल्वेच्या ठेकेदाराकडे, दुसरीचे अंगणवाडीत. घरात आजी अंथरुणाला खिळलेली. आम्हां दोघांचे मत जळगावचे. भुसावळहून जळगाव जेमतेम पंचवीस किलोमीटर, गाड्या दिवसभर. पास काढला की मुलगी रोज घरी, मेसचा खर्च वाचला, आजीकडे लक्षही राहील. मुलगी म्हणे धुळे. कारण विचारले तर गप्प. शेवटी ठरले, एक दिवसाची रोजी बुडाली तरी चालेल, पण दोन्ही ठिकाणे डोळ्यांनी पाहायची. कळण्याच्या भाकरी, ठेचा बांधून घेतला आणि सकाळच्या गाडीने निघालो.

जळगावचे सरकारी मेडिकल कॉलेज २०१८ साली सुरू झाले. जुने सिव्हिल हॉस्पिटल आहे, त्याच आवारात. सिव्हिल आम्हाला नवे नाही. आजीला झटका आला तेव्हा आम्ही तेथेच वऱ्हांड्यात रात्री काढल्या होत्या. सकाळी नऊच्या सुमारास केसपेपरच्या रांगेत चोपड्याचे, यावलचे, रावेरचे लोक उभे होते. केळीच्या बागांतले मजूर, विटभट्टीवरच्या बाया. त्यांच्यातून पांढरे कोट घातलेली मुले-मुली लगबगीने जात होती. आमच्या वस्तीतली एक मावशी रांगेत भेटली. मुलीला पाहून म्हणाली, "तू इथं डॉक्टरीण झालीस तर आम्हाला रांगच नको." आम्ही हसलो. मुलगी हसली नाही.

दोन विद्यार्थिनींशी बोललो. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की कॉलेज नवे आहे, पण रुग्ण भरपूर, शिकायला मिळते. चिंचोली शिवारात मोठ्या वैद्यकीय संकुलाची जागा ठरलेली आहे, हेही कळले. म्हणजे आज स्टेशनजवळ असलेले कॉलेज उद्या गावाबाहेर गेले तर आमचा पासाचा हिशेब कोलमडणार.

अकराच्या एस.टी.ने धुळ्याकडे निघालो. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आहे. त्यामुळे तिघांचे भाडे दोघांत भागले. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की डोंगरावर विद्यापीठ दिसते. आमच्या एका नातेवाइकाने सांगितले होते की जळगावला स्वतःचे विद्यापीठ आहे, म्हणून तिथली डिग्री वेगळी. मुलीने बसमध्येच गैरसमज दूर केला. बहिणाबाईंचे नाव असलेले हे विद्यापीठ इतर शाखांचे. राज्यातली मेडिकल कॉलेजे १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. जळगाव काय, धुळे काय, अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पदवीही एकच. साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता आणि मग एक वर्ष सरकारी सेवेचे बंधपत्र, हे दोन्हीकडे सारखे. जागाही दोन्हीकडे दीडशे. मग फरक कशात? आम्ही तोच शोधायला निघालो होतो.

एरंडोल गेले, पारोळा गेले. पिकांवर नुकताच पाऊस पडून गेलेला, कपाशी गुडघ्याला आलेली. धुळ्यात उतरलो तेव्हा स्टँडजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्याच्या कार्यक्रमाचे फलक लागलेले दिसले. ३१ जुलै जवळ आली होती. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब एका दाव्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी माणसे तेथे जमतात. लग्नानंतर आम्हीही एकदा जाऊन आलो होतो, ते आठवले.

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ चे. म्हणजे जळगावपेक्षा तीस वर्षांनी थोरले. ते गावाबाहेर, सुरत बायपासजवळ चक्करबर्डीला आहे. स्टँडवरून रिक्षा करावी लागते. आवार मोठे. येथून शिकून गेलेल्या डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्या आज गावोगावी काम करतात.

दवाखान्यातली गर्दी मात्र वेगळी वाटली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्याला भेटतात, त्यामुळे अपघाताचे रुग्ण येतात. साक्री, शिरपूरकडचे आदिवासी बांधव लांबून येतात. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. रक्ताच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अंग ठणकते, रक्त कमी होते. आई-वडील दोघांकडून दोष आला तरच मुलाला हा आजार होतो, म्हणून लग्नाआधी तपासणी महत्त्वाची. हे सारे आम्हाला एका शिकाऊ डॉक्टरने बाकावर बसून समजावले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्याला "पोट दुखस" असे अहिराणीत सांगत होत्या आणि तोही अहिराणीतच विचारपूस करीत होता. तो नांदेडकडचा. इथे येऊन शिकला.

त्याच्याकडून आणखी एक कळले. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना खेड्यातली काही कुटुंबे दत्तक दिली जातात. त्यांच्या घरी जायचे, वजन-उंची, रक्तदाब पाहायचा, आजारपणाकडे लक्ष ठेवायचे. मुलीने त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले. घरी दोन दिवस गप्प असलेली हीच का ती, असे आम्हाला वाटले.

परतीच्या बसमध्ये पारोळा सोडल्यावर ती बोलली. "जळगाव वाईट नाही. पण मी रोज घरी आले तर पहाटे भाकरी मीच टाकणार, आजीचं मीच बघणार, पाहुणे आले की चहा मीच ठेवणार. तुम्ही सांगणार नाही, पण मला बघवणार नाही. पहिल्या खेपेला नीटमध्ये कशानं मागे पडले, ते आठवा."

आम्हां दोघांना काही बोलता आले नाही. पहिल्या वर्षी ती रात्री अकरानंतर पुस्तक उघडत असे, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही पासाचे आणि मेसचे पैसे मोजत होतो. तिच्या वेळाची किंमत मात्र हिशेबात धरलीच नव्हती.

घरी आल्यावर आम्ही कागदावर पुन्हा हिशेब मांडला. भारत सरकारची शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह, तेथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज. दर महिन्याला ओढाताण होईल, पण अशक्य नव्हते. आजीसाठी वस्तीतल्या एका ताईंना दुपारचे दोन तास यायला सांगितले. सकाळची भाकरी आता पुरुषमाणूस टाकतो. पहिल्या आठवड्यात नकाशे झाले, आता गोल होते.

पालकांसाठी दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. पसंतीक्रमात मनापासून हवे असलेले कॉलेज वर लिहावे. निवड गुणानुक्रमाने होते. तुमच्या क्रमांकाला मिळू शकेल अशी सर्वांत वरची जागा दिली जाते. "तिकडे लागणार नाही" या भीतीने खालचे वर लिहिले तर नुकसान आपलेच. फेऱ्यांचे नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत वाचावेत, कारण पहिली पसंती मिळाल्यावर ती सोडणे अंगलट येऊ शकते. दुसरे, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलगा-मुलगी अकरावीत असतानाच करावा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला होता, म्हणून निभावले. तो जुन्या ट्रंकेत, साडीच्या घडीत सापडला.

मुलीने पहिल्या ओळीत धुळे लिहिले, दुसऱ्या ओळीत जळगाव, खाली नंदुरबार आणि इतर. यादी लागली, धुळे मिळाले. ट्रंक घेऊन सोडायला गेलो तेव्हा आजीने तिला जवळ बोलावून विचारले, "रोज येणार ना गं?" ती म्हणाली, "दिवाळीला येईन, आजी." आजीने मान हलवली आणि उशाखालची शंभराची नोट काढून तिच्या मुठीत दिली.

आता ती सुटीत घरी येते तेव्हा आजीचा रक्तदाब पाहते. आणि अहिराणीत विचारते, "कसं वाटस?"