वाळूतील डेन्मार्क

मैलापूरचा हिवाळा तो कसला! पहाटे कपालीश्वराच्या तळ्याकाठी कानटोप्या दिसू लागल्या, की डिसेंबर आला असे समजावे. स्कँडिनेव्हियातील एखादे शहर पाहण्याची आम्हा तिघा मित्रांची हौस. पण ती कारकुनी वेतनास पेलणारी नव्हती, म्हणून तरंगंबाडीवर भागविली. तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या अनुमतीने डेन लोकांनी १६२० मध्ये येथे डान्सबोर्ग किल्ला उभारला आणि १८४५ मध्ये गावच इंग्रजांस विकून टाकले.

किल्ला पाहून आम्ही जुन्या दफनभूमीत शिरलो. नोकरीनिमित्त आलेली माणसे ही. काहींनी परतीचे दिवसही मोजले असतील. आमच्यातील एकाचे पूर्वज सतराव्या शतकात भोसल्यांबरोबर तंजावरास आले, ते तेथलेच झाले. त्याच्या जुन्या वळणाच्या मराठीस आम्ही कचेरीत हसत असू. शिळेवरील झिजलेली अक्षरे बोटाने चाचपीत त्याने विचारले, यांची भाषा येथे आता कोण बोलतो? आम्ही दोघे गप्प. माझी मुलगी मराठीत विचारलेल्यास तमिळमध्ये उत्तर देते.

परतताना बसमध्ये मी त्याला त्याच्या आजीची एक गोष्ट त्याच्याच मराठीत सांगावयास लावली. निम्मी कळली नाही. पण पुदुच्चेरीपर्यंत ऐकत राहिलो.