कर्णोपकर्णी

आज वाचनालयात माझीच कादंबरी हातात घेऊन पाहिली. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के, मोजून ११. चौथ्या शिक्क्याशेजारी हळदीचं बोट उमटलेलं. स्वयंपाक करता करता कुणीतरी वाचली असणार! माझे डोळेच भरून आले.

दीड वर्षापूर्वी पदरचे पैसे घालून ५०० प्रती छापल्या. विक्रेत्यांना द्यायचं कमिशन परवडेना, त्यामुळे गठ्ठे पलंगाखालीच पडून राहिले. एक प्रत या वाचनालयाला दिली. ग्रंथपालबाईंनी ती वाचली आणि मग येईल तिच्या हातात देत राहिल्या, "ही न्या, आवडेल तुम्हाला." त्यातल्या एकीने भिशीत विषय काढला. तिच्या नणंदेने साताऱ्याहून फोन करून तीन प्रती मागवल्या. जाहिरातीने पुस्तकाचं नाव कळतं, पण माणूस ते उघडतो ओळखीच्या कुणी सांगितल्यावरच, असं माझं आता पक्कं मत झालंय.

माझंही तसंच झालं होतं की. नेमाड्यांची 'कोसला' आली १९६३ साली. मला ती कितीतरी वर्षांनी वसतिगृहातल्या मित्राने दिली, कव्हर निखळलेली. "आज रात्रीच वाच," एवढंच म्हणाला. मी ती पुढे दुसऱ्याला दिली, ती काही परत आली नाही. मग नवी विकत घेतली.

रात्री पलंगाखालचे गठ्ठे ओढून प्रती मोजल्या. ११२ उरल्यात.