थोरल्या काकांचे ताट

1949 साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन स्थापन केले, हे वाक्य शाळेच्या फळ्यावर मी कितीदा तरी लिहिले असेल. प्रत्यक्ष तेथे जाणे मात्र वयाच्या 67व्या वर्षापर्यंत टाळले. टाळण्याचे कारण आमच्या घरातच होते.

थोरल्या काकांच्या पाठीवर फिकट, बधिर चट्टा उमटला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढे त्यांची बोटे आखडली आणि त्यांची रवानगी गोठ्यालगतच्या खोलीत झाली. आजी ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणे. आई तेवढेही बोलत नसे. जेवण पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते. ताट उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे न पाहता पळायचे. एका हिवाळ्यात शेकोटीतल्या निखाऱ्यावर त्यांचा पाय पडून भाजला, तरी ते शांतपणे शेकत बसले होते. रोगच तसा ओंगळ, असा निष्कर्ष घराने काढला.

गेल्या वर्षी भाच्याने आग्रह केला म्हणून आनंदवनातील रुग्णालय पाहायला गेले. तेथील डॉक्टरांना मी प्रथम त्या निखाऱ्याविषयीच विचारले. त्यांनी सांगितले, की हा जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंवर घाला घालतो. संवेदना गेली की चटका, काटा, फोड काही कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झडतात ती त्यामुळे. जंतूचा शोध हॅन्सन यांनी नॉर्वेत 1873 सालीच लावला होता. बहुतेकांच्या अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती असते. स्पर्शाने, एका पंक्तीत जेवल्याने तो जडत नाही. 1981पासून एकत्रित औषधोपचार आला. प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. उपचार सुरू होताच संसर्गाची भीतीही संपते.

हे सारे ऐकत असतानाच चहा आला. आणणाऱ्या बाईंच्या दोन बोटांची पेरे नव्हती. त्यांचा आजार कधीच बरा झालेला, हे मला आधीच सांगितले होते. तरी माझा हात क्षणभर मांडीवरून उठला नाही. बाईंनी कप टेबलावर ठेवला आणि सवयीने दोन पावले मागे सरल्या. मी त्यांच्याकडे दुसरा कप मागितला आणि तो हातात घेतला. पण पहिल्या कपाची भरपाई त्याने झाली नाही, हे त्यांनाही कळले असावे.

मलमपट्टीच्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ पाय पाण्यात भिजवून बसले होते. मग त्यांनी तळव्यांना तेल चोळले आणि आरसा धरून भेगा, फोड बारकाईने तपासले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, घरी कोणाला साखर आहे काय?”

“आमच्या ह्यांना आहे. पंधरा वर्षांपासून.”

“मग त्यांचे तळवे रोज पाहत जा. न दुखणारी जखम लई वाईट.”

त्या रात्री घरी आल्यावर मी ह्यांचे पाय मांडीवर घेतले. डाव्या टाचेला बोटभर भेग होती, भोवती लाली. ह्यांना तिचा पत्ताच नव्हता. चष्मा लावून मी ती धुऊ लागले, तेव्हा आठवले, की थोरल्या काकांचा भाजलेला पाय कोणी धुतला होता, की नाही, हे मी कधी विचारलेच नाही.