जुनी गाडी, जुना भरवसा

माणसाची पारख संकटात होते म्हणतात. जुन्या मोटारीची पारख मोहोळच्या मे महिन्यात होते. सोलापूर-पुणे महामार्गावर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेडिएटरमधले पाणी कोणी वेळेवर पाहिले आणि कोणी नाही, हे आपोआप उघड होते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेल्या या गाड्या आम्ही अनेक कुटुंबांत पाहिल्या. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे साधे इंजिन. कोणत्याही मेस्त्रीला उमगणारे. मालक सांगतात, इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात जुन्या रबरी नळ्या, थकलेली बॅटरी आणि पत्र्याचा गंज.

आमच्या माहितीतील एका घरची सून अशाच गाडीतून मध्यरात्री बाळंतपणासाठी सोलापूरला सुखरूप पोहोचली. दुसऱ्या घरची, तितक्याच वयाची गाडी हातभर नळी फुटल्याने वाटेत थांबली आणि आजारी आजोबांना अनोळखी टेंपोतून न्यावे लागले. फरक इतकाच की पहिल्या घरी तेल, पाणी, पट्टे यांची तारखेनिशी वही होती.

पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. भरवसा एकदाच मिळवून भागत नाही, हे कायदाही जाणतो. विवाहाचे वचन आणि आमचे गुरुदीक्षेचे व्रतही रोजच्या अशाच लहानसहान निगेवर टिकते. म्हणून, प्रिय वाचकहो, जुनी गाडी घेताना रंगावर भुलू नका. आधीच्या मालकाची वही मागा.